अकरा सेकंदांची थाप

माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. गिऱ्हाईक "आपोआप बंद पडलं" म्हणालं, की ते घड्याळ पाण्यात पडलेलं असतं. दहातल्या नऊ वेळा. समोरच्याने काय लपवलंय हे ओळखायची खोड मला तिथूनच लागली. आता दुपारच्या रिकाम्या वेळात ती ऑनलाइन पोकरमध्ये कामाला येते. पैसे नसतात, नुसत्या खोट्या चकत्या. पण इभ्रत खरी.

कोण किती सेकंदांत डाव लावतो, हे मी स्टॉपवॉच लावून वहीत टिपतो. 'सरळमार्गी' नावाच्या एका भामट्याची तर मी नाडीच पकडली होती. चांगली पानं असली की चार सेकंद, थाप मारायची असली की अकरा. बायको म्हणते, "एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतं तर!" तिच्याही नोंदींची वेगळी वही मी ठेवली आहे, पण हे तिला सांगायची सोय नाही.

दुकानाच्या वर माझी ताई राहते. दोन वर्षं आमचा अबोला आहे. तिच्या घरातलं घड्याळ चार मिनिटं मागे पडतं, असं तिचं म्हणणं. मी तपासलं आणि म्हणालो, "घड्याळ बरोबर आहे, तूच पुढे पळतेस." झालं! जिन्यात भेटली तरी भिंतीकडे बघते. मला फार लागतं ते. पण आधी बोलायचं कुणी?

काल माझ्या हाती तीन राजे आले. पाळी सरळमार्गीची होती. मी स्टॉपवॉच दाबलं. तेवढ्यात वर खुर्ची सरकली. चार पावलं गेली, चार आली, खुर्ची पुन्हा सरकली आणि पडद्यावर सरळमार्गीने सगळ्या चकत्या पुढे लोटल्या. अकरा सेकंद.

मी छताकडे बघितलं. ताईला लहानपणापासून बसून खोटं बोलता येत नाही. बरणी फुटली तेव्हाही ती आधी उठली, चार पावलं चालली, मग म्हणाली, "मांजराने फोडली." आमच्याकडे मांजर नव्हतं.

म्हणजे ही थापच. डाव माझाच होता. पण हिला हरवलं तर अबोला जन्माचा! मी पानं टाकून डाव सोडला.

जिना धडधडला. ताई दारात उभी, काखेत ते घड्याळ.

"माझी कीव करतोस? एवढी भारी पानं टाकतोस?"

"माझी पानं तुला काय माहीत?"

"चांगली पानं आली की तू शीळ घालतोस, गाढवा. दोन वर्षं ऐकतेय वरून. आज ऐकूनच मुद्दाम हरायला निघाले होते."

मी शीळ घालतो हे मला ठाऊकच नव्हतं. वहीत साऱ्या जगाची नोंद, माझीच तेवढी राहिली होती. मी तिच्याकडून घड्याळ घेतलं.

"मागे पडत असेल गं," मी म्हणालो.

ती गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. जरा वेळाने उठली. खिडकीपर्यंत चार पावलं चालली.

"मला काही तुझी आठवण वगैरे येत नव्हती हं," ती म्हणाली.