श्रावणातला बार्श

मित्रांनो, मी एक जुनी, मासे गरवायची काठी आहे. वजनाला तुमच्या कंपासपेटीहूनही हलकी. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. माझ्या कड्यांवर लाल दोरा गुंडाळताना कुणीतरी शीळ घालत होतं, एवढंच.

माझे पहिले धनी क्रेमर आजोबा. जर्मनीतल्या आखनजवळच्या धरणाच्या तलावावर उन्हाळ्यात बार्श मासे वर येतात. हिरवं अंग, काळे पट्टे, लाल पर. बारक्या माशांमागे ते धावले की पाणी नुसतं उकळतं! त्यात आजोबा केसासारख्या दोरीला बांधलेला पाच ग्रॅमचा चकचकीत चमचा, म्हणजे बारक्या माशासारखा दिसणारा गळाचा पत्रा, फेकायचे. मासा फसायचा, मी कमरेत वाकायचे आणि आजोबा त्यांच्या भाषेत म्हणायचे, "शाब्बास, पोरी!"

मग त्यांचा खांदा धरला. त्यांनी मला वरच्या मजल्यावरच्या नागेशला दिलं. नागेश मूळचा मालवणचा. त्याने रीतसर परीक्षा देऊन मासेमारीचा परवाना काढला, अकरा वर्षांच्या लेकीला, अन्वीलाही मुलांचा परवाना काढून दिला आणि तिला कबूल केलं, "सुट्टीत एक तरी बार्श!"

आणि मला केलरमध्ये, म्हणजे तळघरात, हिवाळी टायरांच्या मागे कोंबलं. जूनमध्ये मीटिंगा. जुलैमध्ये पाहुणे. माझ्या कड्यांवर कोळ्याने संसार थाटला, पण आमचे साहेब काही खाली उतरेनात.

शेवटी सुट्टीतला शेवटचा रविवार आला. डबा भरता भरता अन्वीची आई, मुक्ता म्हणाली, "नागेश, श्रावण लागलाय. घरात मासा आणायचा नाही हं. आणि ती काठी नुसतीच फिरवून आणणार असाल, तर उद्या श्पेरम्युलमध्ये काढते. टायर निघत नाहीत तिच्यामुळे."

श्पेरम्युल म्हणजे रस्त्यावर ठेवायचा मोठा कचरा. आता सांगा, मी करावं तरी काय? मासा आणला तर पंचाईत, नाही आणला तर कचरा!

इथला नियम असा, की खाण्याजोगा मासा धरून, गंमत झाली म्हणून परत सोडायचा नाही. परीक्षेत नागेशने हे उत्तर बरोबर लिहिलं होतं. म्हणून त्याने काय केलं माहितेय? मला सुतळीसारखी जाड दोरी बांधली, बोटाएवढा गळ लावला आणि गळाला कणकेची गोळी. कणीक! बार्शला! वीस हातांवर पाणी उकळत होतं आणि मी पोळीचा गोळा भिजवत उभी. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

अन्वी बराच वेळ बघत राहिली. "पापा, डू विल्स्ट गार कायनन!" म्हणजे, तुला मासा नकोच आहे.

"अगं, तसं नाही..."

"गेनाऊ तसंच आहे!"

नागेश दगडावर बसला. "श्रावण आहे गं. आईला काय सांगू? आणि धरला की सोडताही येत नाही."

"मग मला आधीच का नाही सांगितलंस?" हे ती अख्खं मराठीत बोलली. एरवी घरात तिची उत्तरं जर्मनमध्येच असतात. तिचे डोळे भरले होते.

नागेश उठला. त्याने जाड दोरी कापली, आजोबांचं जुनं रीळ चढवलं, चमचा बांधला आणि मला तिच्या हातात दिलं.

पहिली फेक गवतात. दुसरी नागेशच्या टोपीत. तिसरीला टुक्! मी कमरेत वाकले, मित्रांनो, किती दिवसांनी!

"आता हा खाणार कोण?" नागेशने कपाळाला हात लावला.

"हेर क्रेमर!" अन्वी म्हणाली. म्हणजे आपले क्रेमर आजोबा.

एवढं सोपं होतं! आणि त्यासाठी अख्खा उन्हाळा घालवला या माणसाने.

दार उघडल्यावर आजोबांनी माशाआधी मलाच हातात घेतलं. सदऱ्याच्या टोकाने माझ्या कड्या पुसल्या. "एंटलिश," ते पुटपुटले. एकदाची आलीस. जिन्यातून मुक्ता ओरडली, "मासा खालीच ना?" मग लेकीचा चेहरा पाहून हळूच म्हणाली, "काठी वर आण. दाराशी ठेवू. टायरांजवळ नको."

तेव्हापासून मी छत्र्यांशेजारी उभी असते. मित्रांनो, माझं एकच मागणं. आम्हाला वापरा, पुसा, कोरडं ठेवा. आणि न्यायचंच नसेल तर सरळ तोंडावर सांगा. कणकेची गोळी लावू नका.