पाच पाकळ्या

तिने नखाने पाकळी उलटी केली आणि फांदी गिऱ्हाइकाच्या हातात परत दिली.

"चेरी आहे ही. पाकळीच्या टोकाला खाच दिसते ना? प्लमला नसते. प्लम म्हणून विकणाऱ्याला शिव्या द्या, झाडाला पाणी द्या."

गिऱ्हाईक हसत गेलं. रोपवाटिकेत सगळे तिला पाठीमागे 'करवत' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

"आई, जरा मागे येता?" सून दारात उभी होती. चेहरा उतरलेला की उजळलेला, कळत नव्हतं.

मुलगा गेला तेव्हाच सून माहेरी निघाली होती. 'राहा' म्हणणं करवतीच्या जिभेवर येईना. ती एवढंच म्हणाली, "आजारी पडायच्या आधी त्याने कुंपणापाशी गुलाबी प्लमचं कलम केलंय. ते फुलायची वेळ येईस्तोवर थांब. नाहीच फुललं तर जा, मी आडवी येणार नाही." सुनेने शब्द दिला. उद्या तिचा भाऊ न्यायला येणार होता. बॅग भरून तयार होती.

मुलगा गेल्यापासून करवतीने कुंपणाच्या त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं नव्हतं. आज ती सुनेमागून गेली. बाकीची झाडं अजून नुसत्या काड्या, आणि हे एकटंच अंगभर पांढरं.

ती वाकली. मुलाने बांधलेली कलमकाडी वाळून काळी पडली होती. बोट लागताच साल सुटून आली. फुटलं होतं ते सांध्याच्या खालून. ज्या रानटी खुंटावर कलम बांधलं, तो खुंटच फोफावला होता. पाच पाकळ्या, एकेरी, सगळ्यांच्या आधी फुलणारा. मुलाचा प्लम गच्च पाकळ्यांचा असायला हवा होता.

"गुलाबी म्हणत होते ना हे?" सुनेने विचारलं.

करवतीने गुडघ्यावरची माती झटकली. मग पुन्हा झटकली.

"पहिल्या खेपेला रंग धरत नाही."

"म्हणजे त्यांचंच आहे?"

"मला विचारतेस? फुलं ओळखण्यात जन्म गेला माझा."

सुनेने एक फूल तळहातावर घेतलं, ओंजळ झाकली आणि आत गेली. जरा वेळाने खिडकीतून तिचा आवाज आला. फोनवर होती.

"नको येऊस दादा. फुललंय."

कपाटाचं दार करकरलं. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज झाला.

तिने कमरेची छाटणीची छोटी करवत काढली आणि वाळकी काडी सांध्यापासून कापली. जखमेवर चिखल लिंपला. काडीला अजून कलमाची पट्टी होती, पट्टीची गाठ मुलाच्या डावखुऱ्या हाताची, आईला कधीच न सुटणारी.

"आई, चहा ठेवू?"

"ठेव," ती ओरडली, आणि आसपास कुणी नसतानाही काडी धरलेला हात पाठीमागे लपवला.