झोका मोडणारा हात

धनाजीनं दोरी ओढली. पाळणा पुढं गेला, मागं आला, आणि नेमक्या वेळी त्याच्या हातानं दोरी अशी ताणली की पाळणा जागच्या जागी उभा. आतली पोर दचकली आणि रडायला लागली.

“परत?” त्याची आई साळूबाई म्हणाली. “आरं, नातीला निजवतुयास का खुट्याला बांधतुयास?”

धनाजीनं खिडकीत ठेवलेल्या मोबाईलकडं बघितलं आणि दोरी पुन्हा धरली.

पासली गावच्या घरात आज त्याच्या नातीचं बारसं होतं. लेक वैष्णवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. बायकांनी पाळण्याच्या खालून-वरून बाळ दिलं-घेतलं, आत्यानं कानात कुर्र करून नाव सांगितलं, पाठीवर धपाटे खाल्ले. नाव ठेवलं शुभ्रा. साळूबाईच्या तोंडी त्याचं शुब्रा झालं, ते आता तसंच राहणार. मग सगळी मंडळी परसात पंगतीला बसली, आणि पडवीत पाळण्यापाशी धनाजी उरला. उरला म्हणजे काय, तो खिडकीपासनं हलायलाच तयार नव्हता. अख्ख्या घरात रेंज यायची ती तेवढ्या खिडकीत, आणि त्याला बंदरावरनं फोन यायचा होता. सकाळपासनं गड्याची नुसती उठबस चालली होती. चहा घेतला तो तसाच निवला. पाव्हण्यांना रामराम घातला तो पण खिडकीकडं बघत.

धनाजी उरणच्या बाजूला बंदरात क्रेन चालवायचा. लई उंच केबिन, पायाखाली काच आणि काचेखाली जहाज. कंटेनरला ती माणसं डबा म्हणतात. जहाजातनं डबा उचलला की तो दोरांवर हेलकावे घेतो, आणि हलता डबा खालच्या ट्रेलरवर टेकवता येत नाही. मग डबा जिकडं झुकंल तिकडं क्रेन अलगद सारायची, की तो गप होतो. ह्याला म्हणायचं झोका मोडणं. वाऱ्यावादळात धनाजीसारखा झोका मोडणारा दुसरा नाही, असं त्याची पाळीतली माणसं सांगायची. ते काही शिकवून येत नाही. डोक्याला कळायच्या आत हाताला कळतं.

आता नव्या क्रेन आल्या होत्या. त्यांना केबिनच नाही. लांब एका थंडगार खोलीत खुर्ची, समोर पडदे, हाताशी दांडी. एकच माणूस तिथं बसून दोन-तीन क्रेन बघतो, आणि झोका यंत्र मोडतं. धनाजीची चाचणी घेतली तेव्हा पडद्यावर सरावाचा डबा हलला. यंत्रानं तो सावरला आणि त्याच वेळी धनाजीच्या हातानंही सावरला. दोघांनी मिळून डबा देवळातल्या घंटेसारखा हलवला. शिकवणारा इंद्रजित पोरगेला होता, पण हसला नाही. एवढंच म्हणाला, “काका, हात सोडा. बाकी सगळं तुम्हाला येतंय.”

सोमवारी पुन्हा चाचणी. द्यायची का नाव काढून घ्यायचं, हे आज सांगायचं होतं. जुन्या क्रेन दिवाळीनंतर मोडीतच निघणार होत्या.

तेवढ्यात व्याही आनंदराव ढेकर देत पडवीत आले. सारोळ्याचे, ट्रेलरवाले. धनाजीचं तोंड बघून त्यांनी काय ते ओळखलं आणि बंदराच्याच गोष्टी काढल्या. पूर्वी गेटावर दोन-दोन दिवस रांगेत काढायचो, ट्रेलरखाली स्टोव्ह पेटवून कालवण करायचो, म्हणाले. आता कधी यायचं ते मोबाईल सांगतो, नंबर कॅमेरा वाचतो, आणि निम्मे डबे तर रेल्वेच घेऊन जाते.

“गेटावर कुनाशी भांडावं म्हनलं, तर मानूसच न्हाई व्याही,” ते म्हणाले. “तुमचं बेस हाय. एशीत बसा. डबा हलू द्या न्हाईतर पडू द्या.”

व्याही पान जमवायला ओट्यावर गेले.

नाही म्हणून घरी यावं, तर इथं तरी काय करायचं होतं? बायको मंगल सकाळी चुलीपुढं बोलून गेली होती, भात लावायला माणूस मिळत नाही, या की घरी. पण सुट्टीवर आला की तिसऱ्या दिवशी त्याचे पाय अंगणातनं रस्त्याकडं वळायचे, हे तिलाही ठाऊक होतं. खाचरातल्या चिखलात त्याच्या हातातली ती कला कुणाच्याच कामाची नव्हती.

पोर पुन्हा रडली. धनाजीनं पाळणा हलवला, आणि त्याचा झोका मोडला.

साळूबाई गुडघ्यावर हात टेकून त्याच्याशेजारी बसली.

“दोरी वढायची आन सोडायची,” ती म्हणाली. “मधी हात घालायचा न्हाई. त्यो आपला जातुया, आपला येतुया.”

धनाजी तिच्याकडं बघतच राहिला.

त्यानं दोरी ओढली आणि ढिली सोडली. पाळणा पुढं गेला. मनगट ताठलं. पाळणा मागं आला. बोटं वळली, त्यानं ती सोडवली. पायाचे अंगठे त्यानं जमिनीत रुतवले, दात आवळले. भोवऱ्यात पडलेल्या माणसासारखा तो दोरी धरून बसला होता आणि दोरी ताणत नव्हता. हळूहळू पोरीचं रडणं मुसमुसण्यावर आलं, मग तेही थांबलं. साळूबाई भिंतीला टेकून पेंगायला लागली.

फोन वाजला. उचलून घेतला की रेंज जायची, म्हणून धनाजीनं तो खिडकीतच ठेवून स्पीकर लावला.

“काका, काय ठरलं?” इंद्रजितनं विचारलं.

मंगल जेवणाचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. धनाजीनं तिच्याकडं बघितलं. तिनं ताटाकडं बघितलं.

“येतो सोमवारी,” धनाजी म्हणाला.

“हात सुटंल ना?”

धनाजीनं खाली बघितलं. पाळणा आपला चालला होता. दोरी सैल पडली होती आणि हात मांडीवर होता, गप. कुणी दुसऱ्याचा आणून ठेवावा तसा.

“सुटला,” तो म्हणाला.

मंगलनं ताट त्याच्यापुढं ठेवलं. भात वाफाळत होता. हात उचलायला धनाजीला जरा वेळ लागला.