डावा पंजा

मास्तरांनी कुत्र्याचं पिल्लू आणून तीन आठवडे झाले होते आणि त्यांच्या लेकीचं डोकं तेव्हापासून तापलेलंच होतं. राग पिल्लावर नव्हता. ते बिचारं वीतभर, काळंभोर, नाव बटण. राग बापावर होता.

मास्तर म्हणजे त्या रस्त्यावरचे जुने शिंपी. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी कापाकापी लेकीवर सोपवली होती आणि स्वतः दुकानाच्या दाराशी खुर्ची टाकून बटणला शिकवत बसायचे. बस म्हटलं की बसायचं, लोळ म्हटलं की लोळायचं. जमलं की बिस्किटाचा तुकडा आणि "शाब्बास रे माझ्या वाघा." नाही जमलं तरी तुकडा, वर पोटावरून हात. चौतीस वर्षांची लेक मशीनवर बसून हे ऐकायची आणि दातांनी दोरा तोडायची. तिच्या वाट्याला शाब्बास कधी आलं नव्हतं. आली होती ती लाकडी पट्टी.

ती जन्माची डावखुरी. सातव्या वर्षी तिने डाव्या हातात कात्री धरली आणि मास्तरांनी त्याच बोटांवर पट्टी हाणली. मग ते रोजचंच झालं. तो हात मांडीखाली दाबून बसायला लावायचे, आणि आल्यागेल्याला हसत सांगायचे, "कुत्र्याचं शेपूट, नळीत घातलं तरी वाकडंच." शेवटी ती उजव्या हाताने कापायला लागली. काप वाकडा जायचा, त्याबद्दल पुन्हा पट्टी.

सहा वर्षांपूर्वी तिने डावखुऱ्यांसाठीची कात्री मिळवली आणि अस्तरांच्या गठ्ठ्याखाली दडवली. दुपारी मास्तर घोरायला लागले की ती बाहेर काढायची, आणि खडूच्या रेघेवरून काप असा सरळ जायचा की गिऱ्हाइकं वाखाणत. मास्तर मिशीत हसत. "उगाच नाही वळण लागलं. मारून मारून लावलंय." ती ओठ आवळून गप्प. एका घरात राहायचं तर तोंड मिटलेलं बरं, अशी स्वतःची समजूत घालायची. त्या गप्प बसण्याचीही आता तिला चीड येत होती.

त्या सकाळी वकीलबाई कोटाचं कापड घेऊन आल्या. कापड मोजकंच होतं, आणि आधीचा कोट मागच्या शिंप्याने बिघडवलेला, म्हणून त्यांना डोळ्यांसमोर कापून हवं होतं. मास्तर टक्क जागे. लेकीने मोठी कात्री उजव्या हातात घेतली. खांद्याचा गोल चुकला तर हा कोट गेलाच.

मास्तरांना तेवढ्यात हौस आली. "बाई, आमच्या बटणची गंमत बघा. हात दे रे."

बटणने डावा पंजा उचलला.

"उजवा द्यायला शिकवा की," वकीलबाई हसून म्हणाल्या.

"छे हो. डावखुरा आहे गडी. मुक्या जिवावर जबरदस्ती केली की तो भेदरतो, मग काहीच धड शिकत नाही. ज्याला जो हात सोयीचा, तोच वापरू द्यावा."

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे या माणसाला कळत होतं. तिने मोठी कात्री टेबलावर ठेवली, गठ्ठ्याखालची काढली आणि डाव्या हाताने खांद्याचा गोल एका दमात कापला. रेघ कुठे सुटली नाही.

"हे काय?" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले.

"ही कात्री सहा वर्षं इथेच आहे, बाबा. तुम्ही ज्या कापांची फुशारकी मारता ते सगळे हिचे, आणि या हाताचे. तुमच्या पट्टीने एकही काप सरळ गेलेला नाही."

वकीलबाईंनी मान खाली घातली. मास्तरांनी त्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग पडेल आवाजात म्हणाले, "मला एकदा सांगायचंस तरी."

"सांगितलं होतं. सात वर्षांची होते, रडून सांगितलं होतं, की मला याच हाताने येतं. मी काही मुका जीव नव्हते."

बटणला तुकडा मिळाला नव्हता, म्हणून त्याने पुन्हा डावा पंजा पुढे केला. मास्तरांच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं. लेकीने बाही कापायला घेतली.