हार्लनची पेटी

रानबदकं राखणाऱ्या दलदल मंडळाच्या सभासदाला मेल्यावर स्वर्ग मिळतो की नाही, हे गावच्या पाद्रीबाबांनाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. पेटी मात्र हमखास मिळायची. देवदाराच्या फळ्यांची, पुढे लांबट भोक असलेली, भोकाखाली पितळी पट्टीवर मयताचं नाव. पाण्यातल्या लोखंडी खांबावर ती चढवायची, अंडी खाणारा रॅकून वर चढू नये म्हणून खाली पत्र्याचा घेर बसवायचा, की मग वसंतात वुड डक जातीच्या बदकांच्या माद्या येऊन तिच्यात अंडी घालायच्या. झाडांच्या ढोल्या आता उरल्यात कुठे? जिवंतपणी बायकोला एक फळी ठोकून न दिलेले लोकही अशा रीतीने मेल्यावर घरमालक झाले होते.

हार्लन प्रॉकनाऊची पेटी सगळ्यांत मोक्याच्या जागी होती, तळ्याकाठच्या बारच्या मोठ्या खिडकीसमोर, उघड्या पाण्यात. त्याची विधवा लव्हॉन दर शुक्रवारी तळलेले मासे खायला यायची. एका हातात ब्रँडी, दुसऱ्या हातात दुर्बीण. वसंतात पेटीत शिरणारी प्रत्येक मादी ती अख्ख्या बारला ऐकू जाईल अशी मोजायची.

"ही आणखी एक गेली. जिवंत होता तेव्हा मी एकटीच होते. आता बघा थाट."

लव्हॉनची सून कार्लिन त्या हिवाळ्यात मंडळात आली. रुडी झाल्यापासून दहा महिने ती फक्त नवऱ्याशी आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन उचलणाऱ्या बाईशी बोलली होती, आणि ती बाई हल्ली आवाज ओळखून सुस्कारा टाकायला लागली होती. शेवटी नवराच म्हणाला, जा बाई कुठेतरी, शनिवारी सकाळी आई बघेल त्याला. कार्लिनने रुडीच्या तापाबद्दल वाचावं तसं पेट्यांबद्दल सापडेल ते सगळं वाचून काढलं आणि बर्फावर पाऊल टाकण्यापूर्वी स्वतः भोक पाडून त्याची जाडी मोजली. मंडळाचा म्होरक्या नॉर्ब कोलपॅक शेजारीच बर्फावर ट्रक उभा करून तिची मोजणी संपायची वाट बघत होता.

काम सोपं होतं. तळं गोठलं की चालत पेट्यांपर्यंत जायचं, जुना भुसा काढायचा, नवा भरायचा, आणि अंड्यांची फुटकी टरफलं बघून किती पिल्लं बाहेर पडली ते ठरवायचं. हार्लनच्या पेटीपाशी आल्यावर नॉर्ब घाईघाईने म्हणाला की ही तो करेल, तिने पुढच्या पेटीकडे जावं. पण रुडीच्या तोंडात बटण गेलं असेल का, या विचारात कार्लिनने झाकण केव्हाच उघडलं होतं.

आत अंड्यांचा ढीग होता. सगळी अख्खी, सगळी दगडासारखी गोठलेली. टरफल एकही नाही.

तिने वाचलं होतं तसंच झालं होतं. पेटी उघड्यावर असली की एक मादी आत जाताना दुसऱ्या बघतात. मग सगळ्याच तिथे येऊन अंडी टाकतात, भांडतात, आणि उबवायला शेवटी कुणीच बसत नाही. पाळणाघर तुडुंब, पण सांभाळायला बाई नाही. कार्लिनला क्षणभर त्या माद्यांचा हेवाच वाटला. आपलं अंडं शेजारणीच्या घरात टाकून उडून जायचं, म्हणजे काय सुख.

नॉर्बने पोतं पसरलं. दरवर्षी हेच होतं, त्याने कबूल केलं. दरवर्षी तो अंडी गुपचूप उचलतो आणि लव्हॉनला सांगतो की सगळी पिल्लं सुखरूप गेली. गेल्या वर्षी त्याचा जोडीदार एल्रॉय रंगात आला आणि त्याने पिल्लं पाण्यात उड्या मारताना डोळ्यांनी बघितली असं ठोकून दिलं. लव्हॉनने सगळ्यांना ब्रँडी पाजली. आता मागे कसं फिरायचं?

पेटी हलवल्याशिवाय तिच्यातून एकही पिल्लू निघणार नव्हतं, आणि लव्हॉनला सांगितल्याशिवाय ती हलणार नव्हती. आणि सांगितलं, तर सासू रुसून रुडीला बघणार नाही, म्हणजे शनिवार गेला. कार्लिनला आधी शनिवारच आठवला, पिल्लं नंतर. त्याची तिला लाजही वाटली, पण फार नाही.

पुढच्या शुक्रवारी बारमध्ये नॉर्बने वर्षाचा अहवाल दिला. हार्लनच्या पेटीवर येताच त्याने नजर मासळीच्या ताटात खुपसली आणि सगळी पिल्लं गेली म्हणून सांगितलं. लव्हॉनने ग्लास उंचावला. तिच्या मांडीवर बसून रुडी दुर्बिणीचा पट्टा चघळत होता आणि कार्लिन त्या पट्ट्याच्या बकलवरून नजर काढत नव्हती.

"तू होतीस ना गं तिथे?" लव्हॉनने विचारलं. "किती टरफलं होती?"

"एकही नव्हतं," कार्लिनच्या तोंडून गेलं. "अंडी होती. सगळी गोठलेली. दरवर्षीच असतात."

एल्रॉय उठून संडासाकडे निघाला. लव्हॉनने त्याला नुसत्या नजरेने परत बसवलं. मग सुनेकडे वळून तिने तिला झाडलं: चार पुस्तकं वाचली की दुसऱ्याच्या ताटात माती कालवलीच पाहिजे का? कार्लिनने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. तिने माद्या कशा येतात, का भांडतात, ते सगळं सांगितलं.

"म्हणजे नुसती ये-जा?" लव्हॉन म्हणाली. "बसत कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

लव्हॉनने रुडीच्या तोंडातून दुर्बिणीचा पट्टा काढला.

"मग घर हार्लनचंच शोभतं," ती म्हणाली. "दारात जत्रा आणि कामाला कुणी नाही. पेटी कुठे ठेवली तर चालेल?"

"झाडीच्या आड. लांबून दिसणार नाही अशी."

"इथून?"

"इथून तर मुळीच नाही, लव्हॉन."

लव्हॉनने ब्रँडी संपवली. मग रुडीला उचलून तिने नॉर्बच्या मांडीवर आदळलं.

"उद्या सकाळी हा तुझ्याकडे. मी बर्फावर जाणार आहे. खोटं बोलायला तोंड आहे ना, तेच आता याला खेळवायला वापर."

सकाळी एल्रॉयने करवतीने खांबाभोवतीचा बर्फ कापला आणि तिघांनी मिळून खांब उपटला. कार्लिनचा फोन वाजला. सॉसेज दिलं तर चालेल का, असा नॉर्बचा मेसेज होता. तिने 'नाही' असं तीनदा लिहून पाठवलं. कुठे जायचं ते लव्हॉनने कुणाला विचारलं नाही. पेटी घसरगाडीवर टाकून ती थेट वाळुंजांच्या गच्च झाडीमागे, तळ्याच्या वळणावर गेली.

"इथे," ती म्हणाली. "जन्मभर मासे धरायला म्हणून इथे यायचा. घरी एक मासा आला नाही. मी दिसू नये म्हणून यायचा मेला."

एल्रॉयला बोलायला काहीतरी सुचलं होतं, पण त्याने भोक पाडायचं यंत्र सुरू करून त्याचं टोक बर्फाला लावलं. लव्हॉनने गळ्यातली दुर्बीण डोळ्यांना लावली आणि आल्या वाटेकडे नीट बघितलं.

"थांब," ती म्हणाली. "फांद्यांमधून बारची खिडकी दिसतेय अजून. आणखी आत घे."