आळ्यातला चुना

कारखान्याच्या फाटकातली अशोकाची सोळा झाडं दसऱ्याआधी हिरवी झाली, तर हंगामी माळी कृष्णातला कायमची नोकरी मिळेल, असा मॅनेजरसाहेबांचा शब्द होता. नोकरीमागं साखर कारखान्याच्या चाळीतली खोली, आणि खोलीमागं कुंडलहून बायको, राहीबाई. लग्नाला चार वर्षं झालेली, पण संसार म्हणाल तर रविवारपुरता.

त्यानं एक पान तोडून उन्हापुढं धरलं. शिरा हिरव्या, मधलं सगळं हळदीगत पिवळं. कीड नव्हती, पाणीही कमी नव्हतं. कराडच्या रोपवाटिकेत त्यानं सहा वर्षं काढलेली. तो आळ्याशी वाकला. मातीवर बोटभर चुना बसला होता.

बागेचे मुकादम हंबीरराव पलटणीतून हवालदार होऊन आलेले. दर शनिवारी बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे आणि आळ्यांत चुन्याची फक्की, हा त्यांचा हुकूम. झाडांना हात असते तर सलामही ठोकायला लावला असता.

"आवं हवालदार, चुन्यानं माती बिघडलीया. झाडाला अन्न उचलवंना."

"एकोणीस वर्सं पलटणीत चुना मारलाय," हंबीरराव म्हणाले. "येक झाड आजारी रजेवर गेलं न्हाई."

कृष्णातनं वाद सोडला. शनिवारी हुकमाप्रमाणं फक्की मारायची, रविवारी सगळे घरी गेले की ती खरवडून काढायची आणि झाडाला लोह देणारं हिराकसाचं पाणी घालायचं, असा नेम त्यानं धरला. कुंडलची एसटी त्याच्यावाचून जाऊ लागली. भाद्रपदात शेंड्यांना तांबूस पालवी फुटली आणि बघता बघता हिरवी झाली.

दसऱ्याला, बॉयलर पेटवायच्या दिवशी मॅनेजरसाहेब फाटकात थांबले. झाडं कशी सुधारली, म्हणून त्यांनी हंबीररावांना विचारलं.

"चुना, साहेब. जरा हात सैल सोडला."

कृष्णात एक पाऊल पुढं झाला. पण खरं सांगायचं तर हुकूम मोडल्याचंही सांगावं लागणार, आणि हुकूम मोडणाऱ्या हंगामी माळ्याला कायम कोण करतो? तो एक पाऊल मागं आला.

साहेबांनी हंबीररावांना नोकरीची दोन वर्षं वाढवून दिली, चुना दुप्पट करायला सांगितला. चुन्यानंच भागत असेल तर कायम माळी कशाला, हे त्यांचं साधं गणित.

आता आळी खरवडावीत तर यश चुन्याचं. न खरवडावीत तर झाडं पुन्हा पिवळी, आणि खोट माळ्याची.

रविवारी कृष्णात खुरपं घेऊन पहिल्या आळ्याशी बसला. चुना कारखान्याचा गेला, मान हंबीररावांना मिळाला. रविवार मात्र राहीबाईचे गेले.