वसरामच्या डब्यातली अँटिबॉडी

मी एक जुनी अँटिबॉडी आहे, मित्रांनो. नाव ऐकून दचकू नका. करंगळीएवढ्या बाटलीतले चार थेंब, एवढाच माझा पसारा! पण २००४ च्या उन्हाळ्यात साखरा गावात मी काय केलं ते ऐकाल, तर तुम्हीही उड्या माराल.

माझा जन्म परदेशातल्या प्रयोगशाळेत झाला. उंदराच्या पेशींनी मला घडवलं आणि एकच काम शिकवलं. तुमच्या रक्तात रोगांशी लढणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर एक प्रथिन असतं; कधी लढायचं आणि कधी थांबायचं, हे ते पेशींना सांगतं. ते प्रथिन सापडलं की मी त्याला घट्ट चिकटते. वरून रंगाचं औषध टाकलं की पेशीभोवती तपकिरी कडं उमटतं. प्रथिन नसेल तर कडं नाही. आहे की नाही गंमत! मला पथ्य मात्र एकच, गारव्यात राहायचं पण गोठायचं नाही. बाटलीवरच्या चिठ्ठीत तसं लिहिलेलंच आहे.

पुनमताई औरंगाबादला संशोधन करायच्या. त्यांचे थोरले भाऊ विजयकुमार साखऱ्यात शेती करायचे. त्यांची आठ वर्षांची लेक शितल सारखी आजारी. कान वाहायचा, ताप यायचा. डॉक्टरांना शंका आली, की तिच्या पेशींवर ते प्रथिन जन्मापासूनच नसावं. तेव्हापासून विजयकुमारांनी लेकीला उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. ना शाळा, ना खेळ, आणि मे महिन्यातही डोक्यावर कानटोपी! तपासायला तिला शहरात न्यायचीही त्यांना भीती वाटे. म्हणून पुनमताईच मला थर्मासमध्ये घालून गावाकडे निघाल्या.

वाटेत जवळा बाजार या गावच्या स्टँडवर गर्दीत धक्का लागला आणि थर्मासची काच फुटली. बर्फ भराभर वितळू लागला. नशिबानं आठवडी बाजाराचा दिवस होता. ताई धावतच कुल्फीवाल्या वसरामकडे गेल्या.

"काका, ही बाटली साखऱ्यापस्तोर थंड राहिली पाहिजे!"

"फिकीर करू नका ताई, बराबर गार पोचंल ती!"

ताई एसटी थांबवायला वळल्या. वसरामनं मला कुल्फीच्या डब्यात निजवलं, भोवती बर्फ ठेचून भरला आणि मोठ्या मायेनं वर दोन मुठी जाडं मीठ घातलं. त्याची कुल्फी अशीच जमायची. मीठ घातलेला बर्फ साध्या बर्फाहून कितीतरी थंड होतो. जितकं थंड तितकं चांगलं, असं बिचाऱ्याला वाटलं. मी मात्र गोठून दगड झाले.

तो डबा घेऊन ताई एसटीनं साखऱ्याला पोचल्या आणि उघडून त्यांनी मला पाहिलं. मग डब्यातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं.

"मीठ!" त्यांनी बाटली उलटी केली, पण मी जागची हलले नाही.

"काय झालं, पुनम?" विजयकुमार घाबरले.

"दादा, बाटली गोठली. आता कडं उमटलं न्हाई, तर पोरीत खोट हाय का हीच मरून गेली, कसं कळावं?"

पण ताई हार मानणाऱ्या नव्हत्या. मी वितळले तशी त्यांनी स्वतःच्याच बोटाला सुई टोचली. "आधी माझं रक्त बघू. मी धडधाकट हाय. माझ्यावर कडं उमटलं, तर ही जिती हाय."

दोन काचा तयार झाल्या, एक ताईंच्या रक्ताची आणि एक शितलच्या. पुसेगावच्या शाळेतून मागून आणलेल्या मायक्रोस्कोपखाली ताईंची काच गेली. माझे निम्मे कण निकामी झाले होते, पण उरलेले जीव तोडून चिकटले.

"आलं कडं! जिती हाय!" ताई ओरडल्या.

आता शितलची काच. विजयकुमारांनी लेकीचा हात घट्ट धरला होता. मला मात्र आधीच ठाऊक होतं! प्रथिन होतं मित्रांनो, पेशीपेशीवर होतं! आनंदानं मला बाटलीतच नाचावंसं वाटलं.

"दादा, हाय! कडं हाय!"

"म्हंजी?"

"म्हंजी डॉक्टरांची शंका फिटली. कानाचं औषध करायचं, अन् लेकराला खेळायला सोडायचं."

शितलनं कानटोपी काढून फेकली आणि कुणी काही म्हणायच्या आत ती अंगणात पळाली.

पुढच्या आठवड्यात वसराम डबा न्यायला आला. मिठाचं ऐकून त्यानं कान धरले. "माह्याकडून लई चूक झाली. म्या तर जपायलाच गेल्तो, ताई."

विजयकुमार अंगणात धावणाऱ्या शितलकडे बघत होते. "म्याबी तेच केलं, वसराम," ते हळूच म्हणाले. मग त्यांनी लेकीला हाक मारली आणि स्वतःच्या हातानं तिला कुल्फी दिली.

आता माझी मुदत कधीच संपली आहे. ताईंच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात मी पडून असते. नवी मुलं मला ओळखतही नाहीत. त्याचं थोडं वाईट वाटतं. पण मित्रांनो, एवढं ऐका. कुणाला जपायला घ्याल, तर त्याला काय सोसतं ते आधी पाहा. माझ्या बाटलीवर निदान चिठ्ठी तरी आहे. लेकरांच्या अंगावर ती नसते, त्यांना विचारावंच लागतं.